कानाला राळ

आमच्या घरात कपाचा कान तुटला, तेव्हा घरी मी एकटाच होतो. एरवी अशा वेळी संशयाची सुई दोघातिघांवर फिरवता येते. या खेपेला तिला फिरायला जागाच नव्हती.

कप साधासुधा नव्हता. आमच्या लग्नात हिच्या मामांनी सहा कपबश्या आहेर म्हणून दिल्या होत्या. पांढरेशुभ्र कप, काठाला बारीक निळी रेघ. गेल्या 34 वर्षांत त्यांतले पाच एकेक करून कालवश झाले. कुणी मोरीत गेला, कुणी पाहुण्यांच्या पोरांच्या हातून गेला, आणि एक तर कुणीही हात लावलेला नसताना मांडणीवरून आपणहून उतरला. हा सहावा म्हणजे सेटमधला शेवटचा हयात कप. ही आठ दिवसांसाठी नाशिकला बहिणीकडे गेली होती आणि शनिवारी रात्री मामांना घेऊन परत येणार होती. मामांचं वय 86. ते आले की चहा त्यांच्या कपातूनच द्यायचा, हा आमचा कुलाचार. आणि सोमवारी सकाळी नळाखाली कप विसळताना माझ्या हातात नुसता कान राहिला. एखाद्याचा कान धरावा आणि कान आपल्या हाती देऊन त्याने चालू पडावं, तसं झालं.

समंजस माणूस बाजारात जाऊन नवी कपबशी घेऊन आला असता. पण मी एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात 31 वर्षं काढलेला माणूस. न जुळणारं जुळवणं हाच माझा धंदा. मार्चअखेरीला ज्याने ताळेबंद जुळवले, त्याला कपाचा कान जुळवता येऊ नये?

मी सरळ खणाकडे गेलो. असा एक खण प्रत्येक घरात असतो. त्यात सुतळीचा गुंडा, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, फ्यूजची तार, वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या आणि "असू दे, लागेल कधीतरी" या वर्गातल्या सगळ्या वस्तू नांदत असतात. तिथे मला एपॉक्सीच्या दोन नळ्या सापडल्या. एकीत राळ, म्हणजे रेझिन, आणि दुसरीत हार्डनर. पाच वर्षांपूर्वी थर्मासच्या झाकणासाठी आणल्या होत्या. काम झाल्यावर टोपणं लावताना मी राळेच्या नळीला हार्डनरचं टोपण लावलं होतं आणि हार्डनरच्या नळीला राळेचं. नळीच्या तोंडाशी राहिलेला एक थेंब आणि टोपणात राहिलेला दुसरा थेंब, एवढ्या भांडवलावर दोन्हीकडे पक्कं काम झालेलं होतं. पक्कड लावली तेव्हा नळीच पिळवटली, टोपण हललं नाही. पुढच्या आठवडाभरात मी जे जे काही चिकटवलं, त्यातलं एकही या दोन टोपणांइतकं चिकटलं नाही. ही दोन मी न ठरवता चिकटवली होती.

नळीचं बूड कापून पाहिलं तर आतली राळ थिजलेल्या तुपासारखी रवाळ झालेली. कुजलं म्हणून फेकून दिलं. मधाला साखर धरते तशी थंडीत राळही रवा धरते, आणि नळी कढत पाण्यात ठेवली की पुन्हा पूर्ववत वाहू लागते, हे ज्ञान मला शुक्रवारी झालं. सोमवारी मी अजून शहाणा होतो.

हार्डवेअरच्या दुकानातल्या शेठनी विचारलं, "काका, पाच मिनिटांचं देऊ की सावकाशीचं?"

"सावकाशीचं द्या. पक्कं पाहिजे."

"दोन्ही सारखं घ्यायचं बरं का."

मी हसलो. हिशेबनिसाला सारखं म्हणजे काय ते सांगतोय!

घरी आल्यावर पुठ्ठ्यावर राळेची एक रेघ ओढली. शेजारी हार्डनरची तेवढीच रेघ ओढली. सुकटीच्या बाजारामागच्या गल्लीत उभं राहावं, तसा वास सुटला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग माझ्यातला विचारवंत जागा झाला. हार्डनर म्हणजे घट्ट करणारा. घट्ट करणारा जास्त घातला, तर जास्त घट्ट होईल आणि लवकरही होईल. याला घरचाच दाखला होता. पाहुणे अचानक येणार असले की ही दुधाला विरजण जरा जास्त लावते, आणि दही लवकर लागतं. मी हार्डनरची आणखी अर्धी रेघ ओढली. काडीने दहा-बारा वेळा फिरवलं, कानाला लावलं, कान कपाला लावला, आणि विरजण लावलेल्या भांड्यासारखा कप ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवला.

रात्री नऊला बोट लावून पाहिलं. चिकट. अकराला पाहिलं. चिकट. पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिलं. चिकट. मंगळवारी सकाळी कान जागेवर नव्हता. तो मान टाकल्यासारखा कपाच्या पोटावरून घसरत बशीत येऊन टेकला होता, आणि मागे एक लांब, लोंबणारा, पिवळसर धागा सोडून आला होता. फणसाचा चीक परवडला, तो निदान तेल लावल्यावर सुटतो. मी मंगळवारचा दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी बोट लावलं, बोट चिकटलं. बोट ओढलं, कप बोटाबरोबर वर आला. कपाला माझा लळा लागला होता, कानाचा मात्र नाही.

रात्री फोनवर हिने विचारलं, "काय करताय?"

"काही नाही. वाट बघतोय."

"इश्श," ती म्हणाली. मी काही खुलासा केला नाही.

मुलीच्या कपाटातून नखांचं पॉलिश काढायचं पाणी घेतलं. त्यात अ‍ॅसिटोन होतं आणि चीक न जमलेलाच असल्यामुळे तो पुसला गेला. अशा फसलेल्या कामांचा हा एकच फायदा: पुरतं फसलेलं असलं तर निस्तरता येतं.

बुधवारी मी पाच मिनिटांची जोडी आणली. दोन दिवस गेलेच होते, आता सावकाशी परवडणारी नव्हती. या खेपेला माप सारखं घेतलं. मात्र मापाचा धडा शिकल्याच्या आनंदात मी प्रमाण विसरलो. कपाच्या कानाला लागतो हरभऱ्याएवढा ऐवज, मी दोन्ही नळ्या जवळजवळ रिकाम्या केल्या. कमी पडायला नको! श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणात तो सगळा गोळा घेऊन आईस्क्रीमच्या काडीने मी तन्मयतेने ढवळू लागलो. मला वाटत होतं की पाच मिनिटांत कान चिकटेल आणि सहाव्या मिनिटाला चहा. पाच मिनिटं ही हातात असलेली मुदत असते, त्या मुदतीत लावून मोकळं व्हायचं असतं, आणि पुरती ताकद यायला त्यालाही तासन्‌तास लागतात, हे त्या पाकिटावर लिहिलेलं होतं. पाकीट कचऱ्याच्या डब्यात होतं.

तिसऱ्या मिनिटाला झाकण कोमट लागलं. मला बरं वाटलं, काहीतरी घडतंय. मग ते गरम झालं. मग मी ते ओट्यावर ठेवलं, कारण धरवेना. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला, गोळ्यातून धूर निघाला, झाकणाचा मध्य खाली बसला आणि आईस्क्रीमची काडी जिंकलेल्या गडावरच्या निशाणासारखी ताठ उभी राहिली. राळ आणि हार्डनर एकमेकांशी जोडले जाताना उष्णता बाहेर टाकतात. पातळ थर असला तर ती उडून जाते, गोळा असला तर आतच कोंडते. कोंडलेल्या उष्णतेने जोडणीचा वेग वाढतो, वाढलेल्या वेगाने आणखी उष्णता येते. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी हे अनेकदा पाहिलं आहे, पण रसायनशास्त्रात पहिल्यांदाच पाहिलं.

गोळा गोठण्याआधी काठावरचं थोडंसं मी कानाला फासलं होतं. "जरा डावीकडे, जरा वर" करत कान सरळ करू लागलो आणि करता करता तो वाकडाच धरला. आता कप समोरून पाहिला की त्याने कुणाचं तरी ऐकायला कान तिरका केलाय असं वाटे. शेवटी कढत पाण्याच्या पातेल्यात कप बुडवला. दहा मिनिटांत जोड मऊ पडला आणि कान अलगद हातात आला. सोपं आहे की, मी मनात म्हणालो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

गुरुवारी मात्र मी शास्त्र हाती घेतलं. पुन्हा सावकाशीची जोडी आणली. इंटरनेटवर वाचलं, आणि वाचून अधिकच खजील झालो. एपॉक्सीवर सुरुवातीचं काम करणाऱ्यांत पिएर कास्तान नावाचा एक स्विस रसायनतज्ज्ञ होता. 1930 च्या दशकाच्या अखेरीस तो या राळेच्या मागे लागला, ते दातांच्या कवळ्या बनवता याव्यात म्हणून. कवळ्यांच्या बाजारात ती राळ काही चालली नाही, पण पुढे सीबा कंपनीने त्या शोधाचे हक्क घेतले, आणि 1946 साली अ‍ॅराल्डाइट हे नाव जगापुढे आलं. आज बोइंग 787 या विमानाच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा कार्बनच्या धाग्यांत एपॉक्सी जिरवून केलेल्या भागांचा आहे. म्हणजे जी वस्तू अडीचशे माणसं घेऊन समुद्र ओलांडते, ती माझ्याकडे आली की एका कपाचा कान धरत नव्हती. कवळीसाठी जन्मलेल्या पदार्थाने माझे दात माझ्याच घशात घातले होते.

अंदाजाने दोनदा फसलो होतो, म्हणून आता काटा हवा. ओळखीच्या सोनाराकडे त्याचा जुना, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा होता, तो मागून आणला. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. मी म्हटलं, चिकटवावेतही सोनाराच्याच काट्यावर. एक ग्रॅम राळ, एक ग्रॅम हार्डनर. शंभराव्या भागाचाही फरक नाही. आयुष्यात इतका चोख व्यवहार मी ऑडिटरसमोरही केला नव्हता. दोन्ही हातांच्या बोटांनी कान धरून वीस मिनिटं पुतळ्यासारखा बसलो. जोडातून ओघळलेलं बोटांनी निपटलं. हातमोजे घातले नव्हते. तेवढ्यात मुलीचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल आला. तिने माझे हात पाहिले आणि म्हणाली, "बाबा, हातमोजे घाला. त्याची अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की जन्मभर जात नाही." मी म्हटलं, "आता काय जन्म राहिलाय." हे बोलणं दुसऱ्या दिवशी सरकारदरबारी तपासलं जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी कान जागेवर होता. पण दाबला की लोण्यात सुरी गेल्यासारखा जरासा सरके, आणि दाबलं की नख उमटे. रबर झालं होतं, दगड झाला नव्हता. मी तो तसाच ठेवून बाहेर पडलो, कारण त्या दिवशी हयातीचा दाखला द्यायचा होता.

आमच्या पेन्शनला हा दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. माझा जुलैत संपतो. बँकेतल्या मुलीने यंत्र पुढे केलं. मी अंगठा ठेवला. लाल दिवा.

"काका, पुसून ठेवा."

पुसून ठेवला. लाल दिवा. तर्जनी ठेवली. लाल. मधलं बोट. लाल. डावा हात. लाल. तिने माझं बोट उजेडात धरून पाहिलं. पाचही बोटांच्या टोकांवर पारदर्शक, गुळगुळीत, चकचकीत थर चढलेला होता. जे एपॉक्सी कपावर घट्ट होत नव्हतं, ते माझ्या बोटांवर पातळ पसरून, अंगाच्या उबेने, रात्रभरात निदान यंत्राला फसवण्याइतकं घट्ट झालेलं होतं.

"काय लागलंय हे?"

"कपाचा कान."

ती काही बोलली नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "काय झालं हो?" मुलगी म्हणाली, "यांचं मॅच होत नाहीये." आणि रांगेत कुजबुज गेली की पुढचे गृहस्थ हयात नाहीत.

"चार दिवसांनी कातडी जरा निघाली की या," ती म्हणाली. "तोपर्यंत काही करू नका." हा सल्ला तिने दाखल्यापुरता दिला होता, पण मी तो सर्वंकष अर्थाने घ्यायला हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी लाज सोडून मी तळमजल्यावरच्या अण्णांकडे गेलो. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं विजेचे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कारखान्यात, राळेच्या ओतकामाच्या खात्यात घालवलेली. हे मला वीस वर्षं माहीत होतं. सोमवारी त्यांच्याकडे जावं हे मात्र सुचलं नव्हतं, कारण आपल्याला येत नाही हे आपल्याला कळायला आधी चार वेळा फसावं लागतं.

अण्णांनी कप हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला. मग वास घेतला.

"किती घेतलंत?"

"एकास एक. सोनाराच्या काट्यावर."

"वजनाने?"

"अर्थात वजनाने!"

"पाकिटावर काय लिहिलंय?"

पाकिटावर लिहिलं होतं: आकारमानाने एकास एक. वजनाने शंभरास ऐंशी. राळ जड असते, हार्डनर हलका. सारख्या वजनाचा हार्डनर म्हणजे जास्तीचा हार्डनर. म्हणजे सोमवारी जी चूक मी डोळ्यांनी केली, तीच गुरुवारी सोन्याच्या काट्यावर, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक केली होती.

"पण अण्णा, जास्त हार्डनरने जास्त घट्ट नको का व्हायला? विरजणासारखं?"

"तिथेच चुकताय तुम्ही. बोटीच्या, टाक्यांच्या फायबरची राळ असते ना, पॉलिएस्टरची, तिला थेंबभर औषध लावतात. ते खरं विरजण. त्यात दोन थेंब जास्त झाले तर ती लवकर धरते. हे तसं नाही. यात राळेच्या एकेका कणाला हार्डनरचा एकेक हात लागतो. हात धरले की साखळी झाली, साखळीला साखळी गुंतली की जाळं झालं. हात जास्त झाले, कण कमी पडले, तर उरलेले हात लोंबकळत बसणार. तोच तुमचा चिकटपणा. आणि हे वाळत नाही बरं का. वाळतं ते फेव्हिकॉल, त्यातलं पाणी जातं. यातून काहीच जात नाही. घातलंत तेवढं सगळं आतच राहतं."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली, आणि ती 31 वर्षांपूर्वीच पेटायला हवी होती. प्रत्येक नावेला जमा, प्रत्येक जमेला नावे. जुळलं नाही की उरलेली रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकायची, आणि ते अकाउंट पुढची अनेक वर्षं कुणाच्या ना कुणाच्या बोटाला चिकटत राहतं. मी आठवडाभर कपाच्या कानावर सस्पेन्स अकाउंट थापत होतो.

"आणि ढवळलंत किती?"

"दहा-बारा वेळा."

"दोन मिनिटं ढवळायचं, घड्याळ लावून. काठ खरवडायचे, बूड खरवडायचं. काठाला चिकटलेली राळ तशीच राहिली तर तिथे माप बिघडलंच. कप धुतला होतात?"

"विसळला होता."

अण्णांनी तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. 34 वर्षांच्या चहाची साय आणि तूप त्या भेगेत मुरलेलं होतं. "तेलकटावर देवसुद्धा चिकटणार नाही," ते म्हणाले.

मग अण्णांनी कृती सांगितली. ती ऐकताना मला वराहमिहिर आठवला. त्याच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती आहे. कच्ची कवठं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची, मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल मिसळायचं आणि गरम असतानाच लावायचं. हा लेप कोटी वर्षं टिकतो, असं ग्रंथकार म्हणतो. अण्णांची कृती कवठांइतकी अवघड नव्हती, पण कर्मठपणात कमीही नव्हती. जुनं सगळं कढत पाण्यात मऊ करून ब्लेडने खरवडलं. भेगेच्या दोन्ही बाजू सोड्याने धुतल्या, बारीक पॉलिश पेपरने घासल्या, अ‍ॅसिटोनने पुसल्या, आणि कप पंख्याखाली पुरता कोरडा केला, कारण बाहेर डोंबिवलीचा जुलै धोधो पडत होता आणि हवेतलं पाणी ओट्यावरही जाणवत होतं. हातमोजे घातले. सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या दोन रेघा पट्टी लावून ओढल्या. दोन मिनिटं ढवळलं. दोन्ही तोंडांना पातळ थर दिला आणि कान बसवला. मी जोर करून दाबणार, तेवढ्यात अण्णांनी हात धरला. "दाबून सगळं बाहेर काढाल, मग चिकटणार काय? नुसतं टेकवा." चिकटपट्टीने कान जागच्या जागी धरला, आणि कप तांदळाच्या डब्यात, कान वर करून, अर्धा रोवून ठेवला.

"आता?"

"आता काही नाही. चोवीस तास हात लावायचा नाही. हवेत दहा अंश ऊब वाढली की हे साधारण दुप्पट वेगाने पिकतं, म्हणून दिव्याजवळ ठेवा. पण बोट लावायचं नाही." जाता जाता ते वळले. "वापर कशाला करणार याचा?"

इथे मी खोटं बोललो. पाच दिवसांचा हा सगळा खटाटोप एका चहासाठी चाललाय, हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, "शोकेसमध्ये ठेवायचाय."

"मग हरकत नाही," अण्णा म्हणाले.

चोवीस तास हात लावायचा नाही, हे सांगायला सोपं आहे. मी पेपर वाचला, तांदळाचा डबा पाहिला, टीव्ही लावला, डबा पाहिला. शनिवारी सकाळी राहवलं नाही आणि जोडाच्या कडेला राहिलेल्या ओघळावर मी उजव्या हाताची तर्जनी हलकेच टेकवली. पृष्ठभाग जरा ओशट लागला. छातीत धस्स झालं. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पावसाळी हवेत हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा वरती मेणचट थर येतो. आतलं ठीक आहे. उद्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. आणि बोट काढा तिथून!"

शनिवारी रात्री ही मामांना घेऊन आली, तेव्हा कान जागेवर होता. मी तो धरून कप उचलला, पाण्याने भरून उचलला, कानाला धरून हवेत हलवला. दगड. हिला मी काहीच सांगितलं नाही. 34 वर्षांत माझं एवढं सुबक काम झालं नव्हतं, आणि ते सांगताही येत नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजता हिने आल्याचा चहा केला, उकळता, मामांना लागतो तसा. तो निळ्या रेघेच्या कपात ओतला आणि मामांसमोर ठेवला. मामा गप्पांत रंगले होते. दोन मिनिटं गेली. मला कानाकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. मग मामांनी कान धरला, चहा बशीत ओतायला कप जरासा कलता केला, आणि कान अतिशय हळू, अतिशय अदबीने कपापासून सुटू लागला. तुटला नाही. सुटला. सभेतून कुणाच्या लक्षात न येता माणूस उठून जावा, तसा. कप टेबलावर बसला, निम्मा चहा टेबलक्लॉथवर सांडला, मामांच्या हातात कान राहिला.

कुणाला काही भाजलं नाही, हे देवाचे उपकार. ही माझ्याकडे पाहत होती. मी मामांच्या हातातल्या कानाकडे पाहत होतो. बुधवारचं पातेलं मला तेव्हा आठवलं.

मामांनी कान उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला, आणि उरलेला चहा दोन्ही हातांनी कप धरून बशीत ओतून भुरके मारत प्यायला. मग म्हणाले, "जावईबापू, मी आयुष्यभर बशीतूनच पितो. त्या कानाचं मला काय काम?"

दुपारी अण्णांना खरं सांगितलं. ते मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "मग मी सांगितलं असतं ना. आमच्या कारखान्यात ओतलेला माल आम्ही तासन्‌तास भट्टीत ठेवत असू, ते उगीच नाही. हे जेवढ्या धगीवर पिकवाल, साधारण तेवढीच धग सोसतं. ओट्यावर पिकवलेलं पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडतं. चहा त्याच्या कितीतरी वर असतो." मग जरा थांबून म्हणाले, "कपाच्या आतून तर कधी लावूच नका, खाण्यापिण्याच्या भांड्याला हे चालत नाही. कप शोकेसमध्ये ठेवायचाय म्हटलात, तेच करा."

जवळजवळ तेच मी केलं. कान परत बसवला, अण्णांच्या कृतीने, चोवीस तास हात न लावता. बरं, एकदा लावला. कप आता माझ्या टेबलावर असतो, त्यात पेनं असतात, आणि तो कानाने धरून उचलला तरी सुटत नाही. मामांना नवी कपबशी आणली. ते बशी वापरतात.

पुढच्या शुक्रवारी बोटांची कातडी निघाली आणि बँकेच्या यंत्राने मला हयात मानलं. ते मान्य करतंय तोवर मला काळजी नव्हती, कारण पुरावा घरी होताच. कपाच्या कानाच्या खालच्या जोडाला, बाहेरच्या ओघळावर, भिंगातून पाहिलं तर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचा ठसा रेघ न्‌ रेघ स्पष्ट उमटलेला आहे, आणि तो आता कशानेही जात नाही. उकळता चहा ओतला तरच काय तो जाईल.